हनुमान ड्रायव्हरची पार्टी

"बाबा, समुद्राचं पाणी कसं लागतं रे? खारट का कडू?"

मनस्वीने हे विचारलं तेव्हा हनुमान ओट्यावर बसून सुकटीच्या चटणीबरोबर भाकरी खात होता. प्रश्न काही अवघड नव्हता. त्याने घास तोंडात टाकला आणि म्हणाला, "खारट लागतं म्हणतात."

"म्हणतात?" मनस्वी समोर येऊन उभी राहिली. "तू तर किती खेपा गेलायस! काशीदला गेलास, नागावला गेलास, अलिबागला गेलास. आन म्हणतात काय?"

हनुमानाला ठसकाच लागला. त्याच्या बायकोने, प्रेमाने, आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पोरीवर डोळे वटारले, पण मनस्वी हटायला तयार नव्हती. काल शेजारच्या जनाने तिला सगळ्या पोरींसमोर खोटारडी म्हटलं होतं.

त्याचं असं झालं होतं. हनुमान गोजर हा मुरबाडच्या अनिलशेठच्या गाडीवरचा ड्रायव्हर. एरवी मुरबाड-कल्याण सीटा भरून वडाप मारायचा आणि सुट्ट्या लागल्या की शहरातल्या पार्ट्या घेऊन सहलीला जायचा. मनस्वी जन्मायच्या आधीपासून त्याचं हेच चाललेलं. येताना मात्र कधी रिकाम्या हाताने आला नाही. लोणावळ्याची चिक्की, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांची माळ, असलं काहीतरी घरात कायम असायचंच. बापाने आणलेला खाऊ खात आणि बापाने सांगितलेल्या गोष्टी ऐकत मनस्वी मोठी झाली आणि गावातल्या पोरींना सांगू लागली, की हे सगळं मी पाहिलंय. जना एवढंच म्हणाली, "मंग सांग बरं, पाणी कसं लागतं?" आणि मनस्वीची बोलती बंद झाली.

जूनपासून मनस्वी आठवीसाठी शहापूरच्या वसतिगृहात जाणार होती. त्याआधीची घरातली तिची ही शेवटची सुट्टी. ती खोटारडी ठरून जाणार, आणि तीही आपल्यापायी, हे काही हनुमानाला सोसलं नाही. हात धुता धुता तो म्हणाला, "आपण जाऊ."

"कुठं?" प्रेमाने विचारलं.

"सहलीला. आपण सगळी."

त्या घरात कोणी कधी कुठे गेलंच नव्हतं असं नाही. म्हशाच्या जत्रेला दरवर्षी जायची, टिटवाळ्याला जाऊन यायची, सोयऱ्यांच्या लग्नाला तर ट्रकभर माणसं जायची. पण सहल हा प्रकार वेगळा. हनुमानाची आई सावळी दारात शेंगा फोडत बसली होती. तिने हातातलं काम थांबवून चौकशी केली.

"कोण देव हाय तिथं?"

"देव नाय गो आये."

"मंग कोनाचं लगीन हाय?"

"लगीन पण नाय."

सावळीने सूप बाजूला ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मंग मेलं कोन?"

मनस्वीची धाकटी बहीण, पाच वर्षांची राही, हसून हसून जमिनीवर लोळली. कोणी मेलेलं नाही, नुसतं मजा करायला जायचं, हे म्हातारीच्या गळी उतरवता उतरवता हनुमान घामाघूम झाला. "मजा कराला येवढं लांब?" ती म्हणाली. "ती मुंबैची लोकं मजा कराला आपल्याकडं माळशेजला येतात. आन आपण त्यांच्याकडं जावाचं? वाटेत भेटलीत तर काय सांगशील?"

तरीही त्या संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. पोरींना मजा यावी, म्हातारीला चालवावं आणि प्रेमाला गाडी लागू नये, अशी जागा शोधायची होती. सगळ्यांनी हनुमानाकडे पाहिलं. एवढी ठिकाणं हिंडलेला माणूस आसपासच्या गावांत दुसरा नव्हता.

"महाबळेश्वर?" मनस्वीने सुरुवात केली.

"नको. पार्किंग चढावर हाय. हँडब्रेक वढला तरी मागं दगड लावाला लागतो."

"पाण्याच्या घसरगुंड्या हायत तिथं? खोपोलीकडं?"

"तिथं बाहेर एक झाड नाय. गाडी अशी तापते का आत भाकरी भाजून निघेल."

"लोणावळा?"

"लोणावळ्याला ड्रायवरचं जेवण बरं भेटतं," हनुमान विचार करून म्हणाला. "पण मच्छर लय. काचा बंद केल्या तर उकडतं, उघड्या ठेवल्या तर फोडून खातात."

"मंग माथेरान."

"माथेरानला आठ-धा वेळा गेलो असेन. पण गाड्या खाली दस्तुरीलाच थांबवतात. वरचं माथेरान काय मी बघितलेलं नाय."

प्रेमाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती पोट धरून हसली. नवऱ्याकडे जरा वेळ पाहून तिने विचारलं, "अवो, मंग तुमी येवढ्या लांब जाऊन बघता तरी काय?"

"गाडी बघतो," हनुमान म्हणाला.

यात लपवण्यासारखं त्याला काहीच वाटलं नाही. पार्टीला दारात सोडायचं, गाडी लावायची, सीट मागे पाडायची आणि पार्टी परत येईपर्यंत वाट पाहायची. ज्याचं काम तो करतो. एसटीचा ड्रायव्हर काय प्रत्येक थांब्यावर उतरून गाव बघतो?

"नागाव चांगलं हाय," त्याने शेवटी निकाल दिला. "सुरूची झाडं हायत. गाडी सावलीत लागते."

"तिथं समुद्र हाय ना पण?" राहीला शंका आली.

"हाय तर! झाडांच्या पलीकडंच असेल. आवाज येतो."

समुद्र हा शब्द कानावर पडताच सावळी ताठ बसली. "म्हंजे दर्या? अरे, दर्या तर देवच हाय! मंग पयल्यांदीच सांगाचंस ना." आणि तिने प्रेमाला फर्मान सोडलं, "एक नारळ काढून ठेव गो."

मे महिन्यात ड्रायव्हरला सुट्टी मिळणं म्हणजे कोंबड्याला दात येणं. पण नशीब उघडलं. रविवारची एक पार्टी ऐन वेळी फिसकटली आणि अनिलशेठने गाडी देऊन टाकली. फक्त एक ताकीद दिली, "गाडीत वाळू नको रे बाबा. सोमवारी लग्नाची पार्टी हाय."

रविवारी फटफटायच्या आत पार्टी निघाली. तांदळाच्या भाकऱ्या, भरीत, उकडलेली अंडी, पाण्याचा कॅन, प्रेमासाठी लिंबू आणि सावळीच्या मांडीवर नारळ. म्हसा आलं तसा हनुमानाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. नाका दिसला की गाडी हळू करायची आणि सीट शोधायची, ही वडापवाल्याची खोड. राहीने तेवढ्यात काचेतून डोकं बाहेर काढलं आणि बापाच्या वरताण आरोळी ठोकली, "कर्जत, कर्जत, कर्जत! एक सीट, एक सीट!" नाक्यावरचा एक माणूस पिशवी सावरत खरंच धावत आला. त्याची समजूत घालून गाडी पुढे काढेपर्यंत आतली सगळी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडली होती. प्रेमा इतकी हसली की तिला गाडी लागायचं राहूनच गेलं.

नागावला पोहोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी हनुमानाने गाडी थांबवली. उतरून मागचं दार उघडलं, म्हातारीला हात देऊन उतरवलं, पिशव्या काढून दिल्या, सीटखाली काही राहिलं का ते वाकून पाहिलं. मग दार लावून म्हणाला, "चला मंडळी. पाच वाजता इथंच या. मोबाईल चालू ठेवा."

आणि गाडीत बसून निघूनही गेला.

सुरूच्या झाडांखाली त्याला हवी तशी जागा मिळाली. गाडी लावली, काचा अर्ध्या खाली घेतल्या, चपला काढल्या, सीट मागे पाडली. पलीकडे आवाज येत होता. शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर तंबाखू मळत होता. त्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुठली पार्टी?"

"मुरबाड."

"कशी हाय?"

"चांगली हाय," हनुमान टॉवेल तोंडावर घेता घेता म्हणाला. "किरकिर नाय काय नाय. एक म्हातारी हाय, दोन पोरी हायत, आन एक बा..."

टॉवेल हातातच राहिला.

"आन एक काय?" शेजारच्याने विचारलं.

हनुमान ताडकन उठून बसला. काचेबाहेर मनस्वी उभी होती. पळत आल्यामुळे तिला धाप लागली होती. रागावलेली असेल असं त्याला वाटलं, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"बाबा, चल ना," ती म्हणाली. "आई म्हनते, पार्टीत तू पण हायस."

शेजारच्या ड्रायव्हरच्या लक्षात सगळा प्रकार आला. तंबाखू तोंडात टाकायची विसरून तो खो खो हसायला लागला. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "जा भाऊ, जा. तुझी गाडी मी बघतो."

हनुमान पोरीच्या मागून चालू लागला. इतक्या वर्षांत गाडी दुसऱ्याच्या भरवशावर सोडून तो पहिल्यांदाच निघाला होता. दोनदा त्याने मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा वळणार तोच झाडं संपली.

त्याचे पाय जागीच थांबले. फोटोत पाहिलेला, लोकांच्या बोलण्यात ऐकलेला, झाडांपलीकडून गाजणारा समुद्र एवढा असेल हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. भात कापून झाल्यावर सगळी खाचरं एक झाल्यासारखी दिसतात, तसा तो दूरवर पसरला होता आणि वर हलतही होता. एवढ्या खेपा आलो आणि झाडाआड झोपून गेलो, असं वाटून त्याला स्वतःची चीड आली, हसूही आलं.

प्रेमा घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभी होती आणि लाट आली की राहीपेक्षा जोरात ओरडत होती. सावळीने नारळ कधीच वाहिला होता आणि आता ती थेट लाटेच्या वाटेतच मांडी घालून बसली होती.

"आये, उठ. भिजलीस सगळी. गाडीत कशी बसशील?"

"उभी ऱ्हाईन," सावळी म्हणाली. "देव पायाशी आलाय, आन उठू व्हय?"

हनुमान मात्र कोरड्या वाळूतच घोटाळत राहिला. पाय ओले करावेत तर वाळू लागणार, आणि वाळू गाडीत जाणार. आजवर किती पार्ट्यांना त्याने दाराशी अडवून पाय झाडायला लावले होते! मनस्वीने त्याचा हात धरून ओढला. राहीने दुसरा धरला. मागून प्रेमाने सरळ धक्काच दिला, आणि हनुमान गोजर पँट-शर्टसकट, खिशातल्या कंगव्यासकट पाण्यात तोंडघशी पडला.

नाकातोंडात पाणी घेऊन तो उठला. तिघी श्वास रोखून पाहत होत्या.

"कसं लागतं?" मनस्वीने विचारलं.

हनुमानाने ओठ चाटले. मग सबंध किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "खारट हाय! खारट हाय गो मने!"

मग तो पाण्याबाहेर यायलाच तयार होईना. भाकऱ्या खायला म्हणून ओढून आणला, खाऊन पुन्हा गेला. पाच वाजले, सहा वाजले. कंटाळलेल्या पार्टीने त्याला हाका मारून मारून बाहेर काढलं. मनस्वीने एका बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते जनाला प्यायला दिलं. जनाने तोंड वेडंवाकडं करून थू थू केलं आणि बाटली हातात धरून मुकाट मान डोलावली. सोमवारी सकाळी हनुमान तासभर गाडी झाडत होता, तरी लग्नाच्या पार्टीतल्या एका बाईच्या नव्या शालूला वाळू लागलीच. अनिलशेठ बोलला. हनुमानाने ऐकून घेतलं आणि कारण नसताना हसला.

जूनमध्ये शाळा उघडल्या. मनस्वीला पोचवायला हनुमान त्याच गाडीने शहापूरला गेला. सगळ्यांचा निरोप तिने घरीच घेतला होता, बरोबर फक्त तो होता. वसतिगृहाच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली. उतरून मागचं दार उघडलं, पेटी काढली, गादीची वळकटी काढली, सीटखाली काही राहिलं का ते वाकून पाहिलं. मग दार लावलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण या पार्टीला पाच वाजता परत यायचं नव्हतं.

मनस्वीने वळकटी काखेत मारली, बापासारखी मान ताठ केली आणि थेट त्याच्याच आवाजात म्हणाली, "चला मंडळी. दिवाळीला इथंच या. मोबाईल चालू ठेवा."

दोघंही हसले. पेटी आत ठेवून तो परत आला. पोरगी वळून वळून हात हलवत गेली आणि शेवटी पोरींच्या घोळक्यात दिसेनाशी झाली.

हनुमान गाडीत येऊन बसला. मुरबाडला परतायला हवं होतं, कल्याणच्या सीटा खोळंबल्या असतील. त्याने गाडी चालू केली, पण मुरबाडच्या रस्त्याला वळवली नाही. गाडी थोडी मागे घेऊन फाटकासमोरच्या झाडाच्या सावलीत लावावी, असं त्याला वाटलं. त्याने ती तशी लावली, काचा अर्ध्या खाली घेतल्या आणि आतून येणारा पोरींचा आवाज ऐकत जरा वेळ तिथेच बसून राहिला.