आखूड नळीचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुनी लेडीज सायकल आहे. वरवट बकाल गावात दीपमालाच्या ओट्याला टेकून उभी असते. दीपमाला गावची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका आहे. लसीकरणाचा निरोप द्यायचा असो की बाळंतिणीची विचारपूस, मला घेतल्याशिवाय ती निघत नसे. मला पुसताना शेजारणींना म्हणायची, "सायकल हाये म्हणून माहं सारं निभते."

एके दिवशी तिचा नवरा अश्वजित रिक्षा मागे घेत होता. मी त्याला दिसले नाही. रिक्षाच्या चाकाखाली येऊन माझं पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला. "शेगावहून नवा आणतो," असं त्याने बायकोला सांगितलं खरं, पण रिक्षाच्या फेऱ्यांत ते राहून गेलं. शेवटी भंगारात पडलेल्या एका बुटक्या सायकलीचा चिमटा त्याने काढून आणला.

चाक बसलं, पण चिमट्याची हँडलमध्ये जाणारी वरची नळी आखूड निघाली. हँडलखालचा नट जेमतेम दीड आट्यावर अडकला. अश्वजितने मधला वायसर काढून टाकला, पान्याने नट आवळला, हँडल हलवून पाहिलं. ते किंचित डुगडुगलं. तो क्षणभर थांबला, मग त्याने पाना ठेवून दिला.

"झाली काय हो सायकल?" दीपमालाने आतून विचारलं.

"हाव, एकदम पक्की!"

मित्रांनो, मला सारं कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी नदीकडच्या उतारावर नट निसटला. हँडलखालचे लोखंडी छर्रे रस्त्यावर सांडले, चाक आडवं झालं आणि माझ्यावर विसंबलेली दीपमाला माझ्याच अंगाखाली पडली. तिचा उजवा हात मोडला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, "माहंच चुकलं. खड्डा दिसला नाही मले."

अश्वजित चहाचे कप घेऊन उभा असे. हे ऐकलं की त्याची मान खाली जाई. ओट्यावरून जाताना तो माझ्याकडे बघेनासा झाला.

हाताला प्लास्टर, म्हणून तिची वेणी तोच घालायचा. एका सकाळी केस विंचरून घेताना ती पुन्हा म्हणाली, "आंधळ्यावानी चालवली मी."

कंगवा थांबला.

"खड्डा नव्हता," तो म्हणाला. "नळी आखूड होती. मले ठाऊक होतं."

 ती वळूनही न पाहता म्हणाली, "छकुली त्या दिवशी मागं बसतो म्हणून रडत होती. मी तिले जबरदस्तीनं घरी ठेवलं."

आपल्या लेकीचं नाव ऐकताच अश्वजितने कंगवा खाली ठेवला. त्याच दिवशी रिक्षा बंद ठेवून तो शेगावला गेला आणि मापाचा चिमटा घेऊन आला. आता नट सगळ्या आट्यांवर घट्ट बसतो.

दीपमालाचा हात बरा झाला. ती पुन्हा माझ्यावर बसते, नवऱ्याशी बोलते, हसतेही. पण निघण्याआधी ब्रेक दाबून हँडल स्वतः हलवून पाहते. पूर्वी ती नुसतं विचारायची. दारात उभा असलेला अश्वजित हे रोज पाहतो.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना "मी कमी पडतेय" असं सांगता येत नाही. ते तुमच्या हाताला कळतं. कळलं की तोंडानेही सांगा. कारण मोडलेल्या चिमट्याच्या जागी नवा शेगावला मिळतो, मोडलेला विश्वास मिळत नाही.