चौदा गंजी

सकाळी नऊला शहरातल्या एचएसआर लेआउट भागातल्या ऑफिसात येऊन शिवलीलाने खिडकीचा पडदा ओढला, चष्मा पुसला आणि संगणक सुरू केला. उपग्रहाच्या चित्रांत घरे ओळखायची आणि प्रत्येक छपरावर एक ठिपका द्यायचा, हे तिचे अकरा वर्षांचे काम. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटणारी माणसे त्या ठिपक्यांवरूनच घरोघर जात. ठिपका नाही, तिथे गोळी नाही.

बिदरकडच्या एका गावाचे जूनचे चित्र आले होते. फेब्रुवारीच्या चित्राशेजारी ठेवून ती ते बराच वेळ पाहत राहिली.

“काय अक्का, माहेर दिसलं का?” शेजारच्या टेबलावरून पुण्याच्या श्रीरंगने विचारले.

“हे बघ. ह्या चौदा कडब्याच्या गंजी म्हणून मीच सोडल्या होत्या.”

“गंजीच असणार. तुमच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?”

“अरे, जूनपर्यंत जनावरं गंज खाऊन संपवतात. ह्यातली एकबी कमी झाली नाही. पाचटाच्या खोपी आहेत ह्या. माणसं राहतात तिथं.”

श्रीरंग उठून जवळ आला. “गोळ्यांची गाडी परवा निघणार. ठिपके देऊन टाका. कारणात ‘चित्र अस्पष्ट’ लिहा.”

“चित्र तर लख्ख आहे.”

“‘ओळखण्यात चूक’ लिहिलंत तर त्या हंगामातली तुमची साठही गावं पुन्हा तपासतील. इतरांचे नकाशे तपासायचं तुमचं काम काढून घेतील. स्वल्प विचार करा, अक्का.”

तिने विचार केला. सुजलेला पाय लुगड्याखाली लपवत ओट्यावर बसणारी ठकुबाई आत्या तिला आठवली. साठ गावांत अशा किती गंजी आपण खात्रीने ओलांडल्या असतील?

तिने गावातल्या आरोग्यसेवकाला फोन लावला. “मल्लाप्पा अण्णा, ओढ्यापलीकडं चौदा घरं वाढली. गोळ्या जादा घ्या.”

“ती ऊसतोडीची माणसं, अक्का. हंगाम संपला तरी तिथंच राहतेत, दरसाल. नकाशात नव्हती, म्हणून आम्ही वळलोच नाही.”

“सरी, बरं. ह्या साली वळा.”

फोन ठेवून तिने चौदा ठिपके दिले. कारणाच्या रकान्यात ‘ओळखण्यात चूक’ लिहिले, खाली स्वतःचे नाव घातले आणि साठ गावांची यादी जोडून पाठवून दिली. मग तिच्याकडे तपासणीसाठी आलेले इतरांचे नकाशे तिने एकेक करून श्रीरंगच्या नावावर वळते केले.