अर्ध्या टाकीची फजिती

मी पाचशे लिटरची प्लॅस्टिकची टाकी बोलतेय. अंगाने गोल, रंगाने काळी, आणि पोटात पाणी हललं की माझा माझ्यावर ताबा राहत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचा सगळा दोष माझ्या माथी यायला नको.

साच्यातून निघाले ती थेट एका बाईंच्या रोपवाटिकेत आले. बाईंचा नवरा वेल्डर. काळजीखोर इतका, की कुलूप लावून तीनदा ओढून बघणार! बाईंचे वडील बाजूच्याच खोलीत राहायचे. उभा जन्म त्यांनी दुधाचा टँकर चालवला होता. सासरे-जावयाचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते दोघांनाही धड आठवत नसावं, पण अबोला मात्र नेमाने पाळायचे.

ऐन उन्हाळ्यात बोअरचा पंप जळाला. नवा यायला आठवडा होता. दोन दिवस बादल्यांवर निभावलं, पण तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या हाताने बांधलेली सहाशे कलमं माना टाकायला लागली. संध्याकाळपर्यंत पाणी मिळालं नाही तर गेलीच. बाई पानं चाचपत फिरत होत्या. ते बघून वेल्डरचा जीव कासावीस झाला.

त्या दोन दिवसांत त्याने जीपमागे जोडायला ट्रेलर जुळवला होता. भंगारातल्या गाडीची चाकं, आणि त्यावर चक्क नवरा-बायकोचा लोखंडी पलंग! मला बसवलं पार मागच्या टोकाला, आणि बांधलं कपडे वाळत घालायच्या दोरीने. सासरे ओट्यावरून बघत होते. तोंड उघडायचे आणि परत मिटायचे.

पाणी आणायला गावच्या विहिरीवर गेलो, तिथे वेल्डरची काळजी उफाळून आली. ओझं नको, म्हणून त्याने मला अर्धंच भरलं. अहो, भरल्या टाकीत पाणी गुमान बसतं, अर्ध्या टाकीत ते हुंदडतं! ब्रेक लागला की पुढे, गाडी निघाली की मागे. त्यात सगळं वजन मागे, त्यामुळे ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागला. वळणावर दोरी तुटली आणि मी गडगडत शेतात. कुणाला लागलं नाही. पाणी मात्र सगळं गेलं.

दुपारी तो मला घेऊन परतला आणि सरळ ओट्यापाशी गेला.

"बाबा, चुकलं माझं. कसं बांधायचं ते दाखवा."

मला वाटलं, आता म्हातारा चांगला वचपा काढणार. पण ते उठले, पायात चपला सरकवल्या.

"अर्धी टाकी कधी न्यायची नाही रे. चल, खोलीतले माझे टँकरचे पट्टे काढ."

दोघांनी पलंगाखाली जाड लोखंडी पट्ट्या जोडल्या. मला चाकांच्या जरा पुढे सरकवलं, बुडाभोवती लाकडी चौकट ठोकली, चार रुंद पट्टे करकचून आवळले. मग मला काठोकाठ भरलं आणि जीप मुंगीच्या पावलांनी निघाली. अंधार पडायच्या आत तीन खेपा झाल्या. कलमं वाचली. बाई वाफ्याच्या कडेला बसून रडल्या.

आता पंप बसलाय. दोन महिने झाले, मी ट्रेलरवर रिकामीच आहे. तरी रोज सकाळी सासरे येतात, पट्टा चाचपून म्हणतात, सैल झालाय. वेल्डर लगेच चहाचे दोन कप घेऊन येतो. पट्टा अजिबात सैल नसतो. दोघांनाही ते ठाऊक असतं. मग माझ्या सावलीत तासभर गप्पा रंगतात.

बाई काल म्हणत होत्या, आता टाकी उतरवून ठेवूया. पट्टे पोटाला काचतात, खोटं कशाला बोलू? पण बाई, एवढ्यात नका हो मला उतरवू.