जपानची कॉपी

आपल्या अकरा वर्षांच्या पोरीनं माणसाचं मुंडकं उडताना टीव्हीवर पाहिलेलं असू दे, अशी प्रार्थना करणारा बाप एटापल्लीत सुरेंद्र रामटेकेशिवाय दुसरा नसेल. पोस्टात कारकून असलेला सरळमार्गी माणूस. एरवी पायल गेम खेळायला बसली की याच्या कपाळावर आठ्या. भद्रावतीला गेम पार्लर चालवणाऱ्या धाकट्या भावानं, सूरजनं, आपलं जुनं प्लेस्टेशन पुतणीला दिलं तेव्हा यानं दोन दिवस अबोला धरला होता. आता त्याच डब्यावर त्याची सगळी भिस्त होती.

झालं होतं असं. पायलनं शाळेत चित्र काढलं. गुडघ्यांवर बसलेला माणूस, हात मागे बांधलेले, पाठीमागे कुऱ्हाडवाला, धडाशेजारी पडलेलं डोकं, आणि लाल खडू संपेस्तोवर लाल. आठवड्यापूर्वीच नाल्यापलीकडे बांबूच्या ठेकेदाराचा मुनीम तसाच मेलेला सापडला होता. कोणी मारलं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. त्या दिवशी पायल त्याच बाजूला बोरं वेचायला गेली होती, आणि परतल्यापासून तिला ताप येत होता, बोलणं तर जवळजवळ बंदच.

चौकशीला आलेल्या साहेबांच्या हाती ते चित्र पडलं. साक्षीदार म्हणून पोरीचं नाव कागदावर चढलं, तर मारणाऱ्यांच्या कानावर जायला दोन दिवसही लागले नसते. सुरेंद्र खोटं बोलणारा माणूस नव्हे, पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ते भुताच्या गेममधलं आहे."

"असं का? परवा दुपारी घरी येतो. दाखवा मला तो गेम."

घरी येताच सुरेंद्रनं पायलला गेम लावायला सांगितला. तळघर आलं, गुडघ्यांवर बसलेला माणूस आला. सुरेंद्रचा जीव भांड्यात पडला. कुऱ्हाड वर गेली आणि पडदा काळा झाला. पुन्हा उजेड आला तेव्हा फरशीवर नुसता हिरवा डाग, मेंदीच्या पाण्यासारखा. मारणं कापलेलं, रक्ताचा रंग बदललेला. मग पोरीनं पाहिलं कुठे? तिला विचारायची त्याची छाती झाली नाही. तो एसटीडी बूथकडे पळाला.

"दादा, तुयाकडं जर्मनीची कॉपी आहे," सूरज म्हणाला. "तिकडं लाल रक्त चालत नाई, म्हून हिरवं करते. जपानच्या कॉपीत सगळंच दिसते. ते मायाकडं आहे."

"पायलनं पाह्यली का रे ते? दिवाळीत आली होती तवा?"

"दिवसभर पार्लरमंदीच तं बसे. पाह्यली असन."

त्या 'असन'वर सुरेंद्रनं पहाटेची बस धरली. आलापल्ली, चंद्रपूर, भद्रावती. रात्र भावाकडे काढली आणि दुसऱ्या पहाटे सीडी शर्टाच्या आत, छातीशी धरून निघाला. सूरजनं मेमरी कार्डही दिलं होतं, म्हणजे खेळ थेट तळघरापासून सुरू होणार. वाटेत एका स्टँडवर बस अर्धा तास उभी राहिली, तेव्हा हा सभ्य माणूस कंडक्टरवर असा ओरडला की पुढच्या बाकावरची म्हातारी उठून मागे जाऊन बसली.

साडेअकराला घर. विजेची लाइन होती, नशीब. जपानी अक्षरं आली, तळघर आलं, कुऱ्हाड खाली आली. मुंडकं लांब घरंगळलं आणि फरशी लालभडक झाली. सुरेंद्रला आनंदानं रडू फुटायचं बाकी राहिलं.

"हेच ना, पायल? काकाकडं हेच पाह्यलं ना?"

पायल पडद्याजवळ गेली. "काकाकडं पाह्यलं होतं हे. पण हा तो नाई."

"मंग?"

"तो पाणी मांगत होता, बाबा. त्यानं मले पाह्यलं."

बाहेर जीप थांबली. सुरेंद्रनं पोरीचे दोन्ही खांदे धरले. "हाच होता म्हण. पायल, हाच होता. पाया पडतो तुया, माय."

साहेबांनी तो प्रसंग दोनदा लावायला सांगितला. "हेच काढलं होतंस?"

पायलनं बापाकडे पाहिलं. "हो. हाच होता."

"काय एकेक पाहतात ही पोरं!" साहेबांनी चित्र फाडलं, बापाला चार शब्द सुनावले, चहा घेतला आणि गेले. सुरेंद्रनं ते चार शब्द प्रसादासारखे घेतले. दार लावून तो पायलला कुशीत घेऊन ढसाढसा रडला. वाचली होती पोर.

ती मात्र पडद्याकडेच पाहत होती. "बाबा, तो गेममधलाच होता, तं मंग मेला नाई ना? पुन्हा सुरू केलं का उठते ना?"

किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काही हललं होतं. सुरेंद्र म्हणाला, "हो."

"मंग लावा ना," पायल म्हणाली आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा गिलास भरून आणला.