अवांतरातली नीलम्मा

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. मैदान भेगाळलेलं, प्यायला टँकरचं पाणी. पण जिल्ह्याचा मुलींचा पहिलावहिला बेसबॉल संघ निघणार, परवा नांदेडला जाऊन भिडणार, म्हणून सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. चौदा नावं वाचून झाली. जागा उरली एक आणि मुली दोन: उदगीरची नीलम्मा अन् देवणीची केवळा.

निवड करणारे सिद्धराम सर म्हणाले, "निवडीच्या सामन्यांत केवळानं फटके मारून, बेसवर उभ्या असलेल्या मुलींना घरी आणून आठ धावा मिळवल्या. नीलम्मानं एकच."

 नीलम्माचं डोकंच फिरलं. ती तरातरा वही लिहिणाऱ्या शेषेरावांसमोर जाऊन उभी राहिली. हा गृहस्थ क्रिकेटमध्ये मुरलेला. बेसबॉलची वही त्यानं आठवड्यापूर्वी पहिल्यांदा हातात धरलेली.

"काका, मी पहिल्या नंबरला खेळते. माझ्यापुढं बेसवर असतंय कोण, घरी आणायला? अन् चार बाहेरचे चेंडू सोडले की बेस मिळतोय; तशी मी पाचदा बेसवर गेले, ते कुठं लिवलं?"

शेषेरावांनी मोठ्या ऐटीत 'अवांतर' या रकान्यावर बोट ठेवलं. "वाइड हायत की ते! वाइड कधी खेळणाऱ्याच्या नावावर मांडतेत व्हय?"

"अहो, बाहेरचा चेंडू सोडायला नजर लागते!" सरांनी कपाळावर हात मारला आणि वही ओढून घेतली.

नीलम्मा बोटांवर मोजू लागली. "पंधरा वेळा खेळले. चार फटके, पाच वेळा चेंडू सोडून. नऊदा बेसवर! फटका किती लांब गेला तेबी मोजा, सर. पण पुढं कोण उभं होतं, ते कुणाच्याच नावावर मोजू नका."

सरांनी केवळाचंही मोजलं. पंधरातून पाचदा बेसवर. फटके मात्र लांबलांब. सर घुटमळले. तसं केवळानंच तोंड उघडलं.

"सर, माझ्या आठ धावांतल्या चार हिच्याच हायत. ही बेसवर नसती तर मी आणलं असतं कुणाला?"

सरांनी पंधरावं नाव लिहिलं: नीलम्मा. ती वहीतलं आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मैदानभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली ती केवळानं.