अर्धी पुडी

या, जरा जवळ सरका. पंख्याच्या घरघरीत शब्द हरवतात. गोष्ट लहान आहे, एका पुडीत मावेल एवढी. पण ऐकाल तर अर्ध्यातून उठावंसं वाटणार नाही तुम्हाला, हा शब्द.

नूतनने खलातली गोळी चुरली आणि बत्ता जागीच थांबवला. मनगट ठणकत होतं. बाहेर जळगावची दुपार तापलेली, तिच्या औषधांच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. काउंटरपलीकडच्या बाकावर ललिता बसलेली, मांडीवर तिचा मंगा झोपलेला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एसटीने यायची ती, पोराच्या फिटच्या पुड्या न्यायला. एवढ्या लहान जिवाच्या मापाची गोळी तयार मिळत नाही; मोठ्यांची गोळी घोटायची, दुधाच्या साखरेत मिसळायची आणि तोलून तिचे सारखे भाग करायचे.

"पाठव तिला दुसरीकडे," नवरा, कुंदन, सकाळीच म्हणाला होता. "आता कोण घोटत बसतं? आणि डॉक्टर शंका घेतात ते वेगळंच."

शंका होती खरी. थांबलेल्या फिट मंगाला परत यायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी फोनवर आवाज न चढवता विचारलं, "मिश्रण सारखं झालं होतं ना, मॅडम?" नूतन 'हो' म्हणाली होती. त्या 'हो'ने तिची झोप नेली.

घोटायला तिला शिकवलं सासऱ्यांनी, शालिग्रामआप्पांनी. औषध चिमूटभर, साखर कितीतरी. सगळी साखर एकदम ओतली की औषध एका कोपऱ्यात दडून बसतं. मग एक पुडी पोकळ निघते नि एक जहाल. म्हणून आधी औषधाएवढीच साखर घ्यायची, घोटायची. जेवढं झालं तेवढीच पुन्हा घालायची. असं दुप्पट दुप्पट करत जायचं. आप्पा घोटताना अभंगाचं ध्रुपद धरत आणि बत्त्याला त्या ठेक्यापुढे पळू देत नसत. आप्पा गेले, पण सप्ताहातल्या कीर्तनात टाळ वाजले की नूतनचं मनगट अजून आपोआप फिरायचं.

आणि गेल्या खेपेला? घरी पाहुणे होते, डोळ्यांवर जागरण होतं. साखर थोडी थोडी घातली की एकदम ओतली, काही केल्या आठवत नव्हतं. हात चालले होते, मन नव्हतं तिथे.

आज तिने ठरवून टाकलं होतं. हे शेवटचं. मग खल माळ्यावर.

ती पुन्हा घोटू लागली. खरवडून, थांबून, साखर घालून, पुन्हा. शेवटी पांढरी भुकटी तोलून कागदांवर मांडली. ललिता उठून काउंटरपाशी आली.

"अक्का, पुडी जराशी मोठी बांधशात का?"

"मोठी कशाला गं? औषध तेवढंच असणार."

"साखर टाका ना जास्त. इतकुशी पुडी, भाग करताना वारावर उडी जास."

नूतनचा हात घडीवरच राहिला. "कसले भाग?"

"दोन. एक मंगाना, एक लखनना."

लखन म्हणजे तिच्या जेठाचा, थोरल्या दिराचा पोर. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेलेले, पोर हिच्याकडे.

"त्यालेबी तशाच झटका येतस," ललिता म्हणाली. "मागला बाजारपासून देस मी. सुरीना पातावर सारखा भाग करस, तुमी करतस तसा."

नूतन स्टुलावर बसली. छातीतला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखा एक लांब श्वास सुटला. मग तिची नजर मंगाच्या मिटल्या पापण्यांवर गेली आणि सुटलेला श्वास तिला लपवावासा वाटला. तिने पदराने तोंड पुसलं. गालाला भुकटी लागली.

"लखनला डॉक्टरांना का नाही दाखवलंस?"

"दोन्हीसले कडेवर लिसन एसटीमा कशी चढू?"

"औषध वाटायचं नसतं, ललिता. दोघांनाही पुरत नाही मग."

"एकच गोधडीवर झोपतस दोन्ही. एकना तोंडमा घालू नि दुसरा देखत राही?"

सप्ताहाच्या काल्याला नूतनच तर उभी असते परात घेऊन, पुढे आलेल्या प्रत्येक तळहातावर सारखाच घास ठेवत.

तिने डॉक्टरांना फोन लावला.

"सर, मिश्रण..." तिने खलाच्या तळाशी पाहिलं. "मिश्रणाचं मला छातीठोक सांगता येणार नाही. पण पुडी अर्धीच जात होती पोटात. आणि अजून एक मूल आहे."

डॉक्टर बराच वेळ विचारत राहिले. नूतन ललिताला विचारून सांगत राहिली. मंगाला पूर्ण पुडी द्या, ते म्हणाले. दुसऱ्याचं एकदम तोडू नका, आज रात्रीपुरती अर्धी द्या, चिठ्ठी पाठवतो. आणि उद्या त्याला घेऊनच या.

नूतनने अर्ध्या मापाची एक पुडी वेगळी बांधली आणि तिला लाल दोरा गुंडाळला.

"ही लखनची, आज रात्रीची. बाकीच्या मंगाच्या. कुठल्याच पुडीचे भाग करायचे नाहीत. आणि उद्या पहिल्या गाडीने दोघांना आण."

"चढू कशी?"

"चढताना एकाला कंडक्टरच्या हातात दे. इथे उतरताना मी असेन स्टँडवर. एकाला मी घेईन."

"कोणले?"

नूतन थकल्या चेहऱ्याने हसली. "जो रडेल त्याला."

संध्याकाळी कुंदन आला. धुऊन पालथा घातलेला खल त्याने उचलला.

"ठेवू माळ्यावर?"

"राहू दे खाली. उद्या दोघांचं घोटायचंय."

तर ऐकणाऱ्यांनो, दिवेलागणीला हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर एक नाव आणखी घ्या. मंगाच्या चिठ्ठीवर नव्हतं ते. लखन.