माझ्याकडे नसलेली कळ

मी एक जुना कळफलक आहे. मित्रांनो, म्हातारे गोड बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याकडून ती आशा ठेवू नका. माझा राग अजून उतरलेला नाही.

माझा जन्म परदेशी कारखान्यात झाला, इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी. जुन्या सामानाच्या पेटाऱ्यातून मी पेरूतल्या एका डोंगरी गावात आलो आणि दोन्या एर्मेलिंदांच्या (दोन्या म्हणजे इथल्या भाषेत बाई) टेबलावर, त्यांच्या जुन्या संगणकासमोर बसलो. नोंदणी कचेरीसमोर निळ्या छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करायच्या आणि फ्लॉपीवर घालून द्यायच्या, कारण आतल्या कारकुनाला टाइप करायचा कंटाळा.

या गावातल्या निम्म्या आडनावांत Ñ हे अक्षर आहे. उच्चार तुमच्या मुळाक्षरांतल्या ञ सारखा. तुमचं त्याच्यावाचून फारसं अडत नाही, इथे माणसाचं नावच अडतं. आणि माझ्याकडे त्याची कळच नव्हती! पण दोन्या एर्मेलिंदा हार मानणाऱ्या नव्हेत. कोपऱ्यातली एक कळ दाबून धरायच्या आणि उजवीकडच्या आकड्यांवर एक, सहा, पाच. की उमटलं ते अक्षर, डोक्यावरच्या नागमोडी रेघेसकट. बारा वर्षांत माझा पाच पार गुळगुळीत झाला. मला त्याचा अभिमान होता.

मग कचेरीत नवं संगणक-यंत्र आलं. त्याचा अक्षरांचा तक्ता, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, तो वेगळा. आमच्या तक्त्यात एकशे पासष्टाव्या जागी Ñ, त्यांच्या तक्त्यात तिथे दोन आडव्या रेघांचा वाय, जपानी पैशांची खूण. आमची फ्लॉपी तिकडे उघडली की नावाचं वाटोळं.

सातुर्निना ञाउपारी बटाट्याचं शेत सोडून तिसऱ्यांदा डोंगर उतरून आल्या होत्या. त्यांच्या नेलिदाला परिचारिकांच्या शाळेत जागा मिळाली होती. आईच्या संमतीपत्रावर शिक्का हवा होता आणि मुदत त्याच दिवशी एक वाजता संपत होती.

"मामिता, अगं आई, मुलीच्या दाखल्यावर ञाउपारी आहे आणि इथे आलंय याउपारी," कारकून एलेओदोरो म्हणाला. "म्हणजे तू हिची आई नाहीस."

"अरे देवा! मग जन्म काय तू दिलास तिला?"

"ते मला नको सांगू. यंत्रात आलं ते आलं. त्या बाहेरच्या बाईचं भंगार बदला म्हणावं."

सातुर्निना रडत छत्रीखाली आल्या आणि सगळं सांगितलं. भंगार! दोन्या एर्मेलिंदांनी मला उपटलं, काखेत मारलं आणि रस्ता ओलांडला. माझी वायरची शेपटी धुळीत फरफटत होती. त्यांनी मला कारकुनाच्या पुढ्यात आदळलं.

"नीट बघ. याच्याकडे ती कळ नाही, तरी बारा वर्षं लिहितोय. तुझ्यासमोर काय आहे रे?"

मीही बघितलं. मित्रांनो, त्याच्या नव्याकोऱ्या कळफलकावर एलच्या शेजारी Ñ ची कळ होती! चकचकीत, तिला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आलेल्या कागदात मी हात घालत नाही," तो म्हणाला. "एकला दहा कमी आहेत. पुढच्या वर्षी या."

दोन्या एर्मेलिंदांनी सरळ हात लांबवला आणि पडद्यावरचा तो दोन रेघांचा वाय खोडला. मग सातुर्निनांकडे वळल्या. "नाव तुमचं आहे. तुम्हीच दाबा."

सातुर्निनांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आपली बटाट्याची पोती कोणाच्या पोत्यांशी बदलली जाऊ नयेत म्हणून त्या प्रत्येक पोत्यावर लाल रंगाने एकच अक्षर काढायच्या. त्यांनी मातीने भेगाळलेलं बोट कळांवरून फिरवलं आणि बरोबर तिथेच दाबलं.

"आता मार की शिक्का!" रांगेतली माणसं ओरडली. एलेओदोरोने मान खाली घालून कागद छापला आणि शिक्का मारला.

मी आता अडगळीत आहे. माझ्यावरची धूळ पुसा, अशी विनवणी मी करणार नाही. फक्त कोणाचं नाव तुमच्या हाताखाली आलं आणि ते नीट लिहायची कळ तुमच्यासमोर असली, तर ती दाबा. माझ्याकडे नव्हती, मित्रांनो. तरी मी लिहीत होतो.